जिताड्यासाठी पिसांचं बोईट

गळावर बांधायच्या या खोट्या आमिषाचं नाव फ्लाय, पण यात माशीबिशी काही नाही. हे पिसांचं आणि केसांचं बोईट आहे, म्हणजे बोईट नावाच्या छोट्या माशाची नक्कल. रेवदंड्याच्या खाडीत जिताडा हा शिकारी मासा बोईटावर तुटून पडतो, म्हणून मी एकच प्रकार बांधतो: डिसीव्हर. अमेरिकेतल्या लेफ्टी क्रे यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस चेसापीक उपसागरातल्या स्ट्राइप्ड बास माशासाठी तो काढला. १९९१मध्ये तिकडच्या टपाल खात्याने त्याचं तिकीटही काढलं.

सामान थोडंच. ३/० नंबरचा स्टेनलेस गळ, मजबूत दोरा, चंदेरी जर, गावठी कोंबड्याच्या पाठीची सहा लांब पिसं आणि पांढरे केस. मूळ कृतीत अमेरिकी हरणाच्या शेपटीचे केस असतात. आपल्याकडच्या चितळ-सांबराच्या वाटेला मुळीच जाऊ नका, तो गुन्हा आहे. मी बोकडाच्या शेपटीचे घेतो. खाटीक आधी हसतो, मग देतो. साबणाने धुऊन दोन दिवस कडक उन्हात वाळवायचे, नाहीतर घरात आपल्यालाच कोणी उभं करत नाही.

गळ छोट्या शेगड्यात (व्हाइसमध्ये) घट्ट पकडा, पकडीने टोकाजवळचा उलटा काटा दाबून टाका, टोक कानशीने घासा. दोरा गळाच्या डोळ्यापासून, म्हणजे ओवायच्या भोकापासून मागे, गळ वळायला लागतो तिथपर्यंत गुंडाळत न्या. पिसं इथेच बांधायची, पुढे नाही. मी पहिल्या खेपेला मधोमध बांधली होती. फेकताना पिसं गळाच्या बाकाला वेढे घालायची आणि पाण्यात बोईटाऐवजी गोळा फिरायचा. एक जिताडा मागे आला, बघितलं, वळून गेला. अजून आठवतो.

तीन पिसं एका बाजूला, तीन दुसऱ्या बाजूला, पोटं आत, म्हणजे टोकं एकमेकांकडे झुकतील. बुडाचा मऊ कापूस आधी सोलून टाका. बोटं ओली केली की पिसं ऐकतात. दोन्ही अंगांना चमकीचे तीन-चार धागे, जास्त नकोत. मग दांडीवर जर गुंडाळत पुढे या.

आता केस. खरं काम यांचंच. डोळ्यामागे चार मिलिमीटर मोकळं सोडून चिमूटभर केस खाली, चिमूटभर दोन्ही बाजूंना, वर थोडे राखाडी. टोकं गळाच्या बाकाच्या मागेपर्यंत गेली पाहिजेत. तेच पिसांना आधार देतात आणि गुंतू देत नाहीत. दाट करायचा मोह होतो. करू नका, जड फ्लाय पाणी धरून बसते आणि वाऱ्यात हात भरून येतो. ती मोकळी जागाही खाऊ नका. माझ्या एका फ्लायच्या डोळ्यात तंगूस (नायलॉनची दोरी) ओवायलाच जागा उरली नव्हती, ब्लेडने दोरा कापावा लागला.

दोऱ्याचं निमुळतं डोकं करा, गाठ मारा, काळा ठिपका देऊन डोळा काढा, वर इपॉक्सीचे दोन हात. जिताड्याचं तोंड खरखरीत आणि गालफडाची कड धारदार असते, म्हणून पुढे चाळीस पौंडी जाड तंगूस हवं, सैल फासाच्या गाठीने.

वाळल्यावर बादलीत ओढून बघा. सरळ चालली, पिसं श्वास घेतल्यासारखी उघडमीट करू लागली, की पहिल्या ओहोटीला खाडीच्या तोंडाशी घेऊन जा. परत आल्यावर गोड्या पाण्यात धुवा.