फोनच्या हादऱ्यांवरून खड्ड्यांचा नकाशा कसा तयार करावा

चालत्या वाहनातील फोनच्या ॲक्सेलरोमीटरला, म्हणजे हालचाल मोजणाऱ्या संवेदकाला, रस्त्याचा प्रत्येक हादरा जाणवतो. शेकडो नागरिकांच्या फोनमधील अशा नोंदी एकत्र आणल्यास, प्रभागाच्या कनिष्ठ अभियंत्याला खड्ड्याची जागा दाखवणारा नकाशा तयार करता येतो.

नोंदींचे प्रमाण सेकंदाला किमान ५० ठेवावे. ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाणारे वाहन सेकंदाला १० मीटर कापते, म्हणजे दर २० सेंटिमीटरला एक नोंद मिळते. त्याहून विरळ नोंदींतून लहान खड्डे निसटतात.

फोन खिशात, पर्समध्ये किंवा हँडलच्या होल्डरमध्ये कसाही असू शकतो, म्हणून उभी दिशा आधी ठरवावी लागते. मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी २००८ मध्ये बेंगळुरूच्या रस्त्यांवर केलेल्या 'नेरिसेल' प्रकल्पात गुरुत्वाकर्षणावरून उभी दिशा आणि ब्रेक लागल्यावरच्या झटक्यावरून वाहनाची पुढची दिशा ओळखली होती. मंद आणि वेगवान वाहनांसाठी त्यांनी वेगवेगळे निकष वापरले, कारण एकाच खड्ड्याचा हादरा वेगानुसार बदलतो. हा भेद आपणही पाळावा.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे, केवळ हादरे गोळा करू नयेत. त्या जागेवरून किती फोन हादरा न बसता गेले, हेही मोजावे. अमेरिकेतील बोस्टन शहराच्या, फोनच्या हादऱ्यांवरून खड्डे टिपणाऱ्या 'स्ट्रीट बम्प' या ॲपबाबत अशी शंका उपस्थित झाली होती की, ज्या वस्त्यांमध्ये स्मार्टफोन कमी आहेत तिथले खड्डे नकाशावर येणारच नाहीत. ही शंका मला अगदी रास्त वाटते. एखाद्या रस्त्यावरून कोणीच गेले नसेल, तर तो नकाशावर 'माहिती नाही' अशा वेगळ्या रंगात दाखवावा. त्याला चांगला रस्ता समजणे हा तिथल्या रहिवाशांवर अन्याय ठरेल. शिवाय मोठा खड्डा दुचाकीस्वार चुकवतात, त्यामुळे सर्वांत धोकादायक खड्ड्याचेच हादरे कमी नोंदले जाण्याची शक्यता असते. त्यासाठी एकाच ठिकाणी अनेकांनी अचानक वेग कमी करून वळण घेतले आहे का, हेही तपासावे.

गतिरोधकावर जवळजवळ प्रत्येक वाहन हादरते, तर खड्ड्यात काहीच वाहने सापडतात. हे प्रमाण पाहिल्यास दोहोंतला फरक बराचसा उलगडतो. ड्रेनेजची खचलेली झाकणे मात्र खड्ड्यासारखीच भासतात, म्हणून त्यांची छायाचित्रे मागवावीत. जीपीएसची जागा काही मीटर चुकते, उंच इमारतींमध्ये त्याहून अधिक. त्यामुळे साधारण १५ मीटरच्या आत, एकाच दिशेने जाणाऱ्या निरनिराळ्या फोननी नोंदवलेले हादरे एकत्र धरावेत.

गोपनीयतेसाठी घराजवळचा आणि मुक्कामाजवळचा प्रवास फोनमध्येच गाळावा. सर्व्हरवर संपूर्ण मार्ग न पाठवता, हादऱ्याच्या काही सेकंदांच्या नोंदी आणि रस्त्याच्या तुकड्यागणिक फेऱ्यांची संख्या एवढेच पाठवावे. संमती मराठीत, सोप्या शब्दांत घ्यावी.

खड्डा बुजवल्याचे कार्यालयाने कळवले तरी नोंद लगेच पुसू नये. त्यानंतर पुरेसे फोन तिथून हादऱ्याविना गेले, की मगच ती बंद करावी.