हिरडा आणि गंजके खिळे, चामडं काळं करायची घरगुती पद्धत

आधी चामडं बघून घ्या, हे सगळ्यात महत्त्वाचं. धारावीत तुकडे घ्यायला गेलात तर कडेला कापलेला भाग बघा, आतून निळसर-करडा दिसला तर ते क्रोमचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं, त्यावर हा रंग नीट चढत नाही. आतून तपकिरी असेल तर ते झाडाच्या सालीने कमावलेलं, कोल्हापुरी चपलेसारखं, म्हणजे बाभळीची साल आणि हिरडा वापरून, तेच घ्या.

आता एका बरणीत साधे लोखंडी खिळे (स्टेनलेसचे नकोत) आणि व्हिनेगर घालून आठवडाभर ठेवा, पण झाकण घट्ट लावू नका कारण आत गॅस तयार होतो. काष्टौषधीच्या दुकानातून हिरडा पावडर आणा, साधारण 50 ग्रॅम एक लिटर कोमट पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी कपड्याने गाळून घ्या.

हिरड्याच्या पाण्याचे दोन हात द्या, मध्ये वाळू द्या, पावसाळ्यात फॅनखाली दोन दिवस सुद्धा लागतात, घाई नका करू. मग गाळलेलं खिळ्याचं पाणी कापसाने लावा. पिवळट चामडं बघता बघता आधी जांभळट करडं, मग शाईसारखं काळं होतं, कारण लोखंड आणि टॅनिन (हिरड्यातला आणि सालीतला तुरट घटक) एकत्र आले की काळा रंग धरतो आणि तो आतपर्यंत मुरतो. मला तर हे दरवेळी तितकंच भारी वाटतं! लोखंड मात्र बेतानेच, जास्त झालं तर चामडं कडक होऊन तडकतं.

शेवटी खायच्या सोड्याच्या पातळ पाण्याने पुसून, वाळलं की हलकं तेल लावा.