एक बेल, दोन बेल: जखम झालेल्या माणसाची गोष्ट ऐकायची कशी

मी कळव्याला राहतो. सत्तावीस वर्षं लोकल चालवली, आता निवृत्त आहे. एवढ्या वर्षांत माझ्या गाडीखाली किती माणसं आली तो आकडा मला पाठ आहे, पण इथे लिहिणार नाही. मोटरमन म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न तोच असतो. तुम्हाला कोणाचं दुखणं ऐकायचं असेल तर सुरुवात इथून करा: आकडा विचारायचा नाही.

माझ्याहून बराच लहान एक मोटरमन आहे, मला दादा म्हणतो. त्याच्या गाडीसमोर एक बाई आली. त्या रात्री मी त्याच्याकडे गेलो आणि मोठा शहाणपणा केला. 'अरे, माझ्या पहिल्या वेळी तर...' म्हणत माझीच कथा लावली. त्याला धीर येईल असं वाटलं होतं. तो मान हलवत राहिला आणि पुढचे चार महिने या विषयावर एक शब्द बोलला नाही. दोष माझा. त्याच्या गाडीत चढून हँडल मी माझ्या हातात घेतलं होतं.

पहिल्या रात्री खरं म्हणजे काहीच बोलतं करायचं नसतं. घडल्याबरोबर माणसाला बसवून सगळं वदवून घ्यायची पद्धत एके काळी फार चालत असे. पण तपासून पाहिल्यावर कळलं की तशा एका बैठकीने पुढचा त्रास टळत नाही, काहींचा तर वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली, तिच्यात कामं तीनच: बघा, ऐका, जोडून द्या. आमच्या भाषेत सांगायचं तर चहा द्या, घरी फोन लावून द्या आणि त्याला एकट्याला घरी पाठवू नका. बोलला तर ऐका. नाही बोलला तर शेजारी बसा.

चार महिन्यांनी तो आपणहून ठाण्याच्या तलावपाळीला, तलावाकाठी, आला. कट्ट्यावर बसलो. या खेपेला आधी नियम ठरवला. लोकलमध्ये गार्ड दोन बेल देतो तेव्हा गाडी सुटते, एक बेल म्हणजे थांबा. (गार्डला आता ट्रेन मॅनेजर म्हणतात, आमच्या तोंडात गार्डच बसलाय.) त्याने कट्ट्यावर बोटाने दोनदा ठोकलं तर मी ऐकणार, एकदा ठोकलं की विषय जिथे असेल तिथे बंद. मी 'मग पुढे काय झालं?' विचारायचं नाही. तुमच्याकडे बेल नसेल तर दुसरी खूण ठरवा, पण ती सांगणाऱ्याच्या हातात हवी. जे घडलं त्यात त्याच्या हातात काहीच नव्हतं. निदान गोष्ट तरी त्याच्या ताब्यात असू दे.

तो दरवेळी थेट चेहऱ्यापासून सुरू करायचा. शेवटच्या क्षणी तिने वर पाहिलं होतं. तिथे पोचला की घाम, दम, एक बेल. तीन संध्याकाळी असंच झालं. चौथ्या संध्याकाळी मी विचारलं, 'त्या दिवशी डब्यात काय होतं?' तो माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, 'मेथीची भाजी. ती तशीच राहिली.' तिथून तो मागे गेला: पहाटे उठला, मुलीचा बूट सापडत नव्हता, ड्युटीवर हजर झाला, गाडी घेतली. मग ती जागा आली. पण या वेळी तो तिथे थांबला नाही, रात्री दार उघडून घरात शिरेपर्यंत सांगत गेला. गोष्ट घटनेच्या आधीपासून सुरू करायची आणि घटनेच्या पलीकडे, सुखरूप जागी नेऊन थांबवायची. मध्येच सुटली तर माणूस त्या रुळावरच उभा राहतो.

'तुझी काय चूक?' हे वाक्य टाळा. खरं असलं तरी ते दार लावून घेतं. त्याला हे चाळीस जणांनी ऐकवलं असेल. 'बिचारा' तर नकोच. कीव वरून येते, आणि त्याला शेजारी बसणारं कुणी हवं असतं. मी एवढंच विचारलं, 'काय करता आलं असतं असं तुला वाटतं?' म्हणाला, 'ब्रेक आधी मारायला हवा होता.' मी वाद घातला नाही. दाण्यांच्या पुडीचा कागद उलगडून पेन दिलं. त्याने स्वतःच मांडलं: ताशी ऐंशी, म्हणजे सेकंदाला बावीस मीटर. दिसली तेव्हा अंतर साठ मीटर. म्हणजे तीन सेकंदसुद्धा नाहीत, आणि गाडी थांबायला काहीशे मीटर लागतात. कागद बराच वेळ हातात धरून बसला, मग घडी करून खिशात ठेवला.

नॅरेटिव्ह एक्स्पोजर थेरपी नावाची एक उपचारपद्धत आहे, युद्धातून पळून आलेल्या निर्वासितांसाठी वापरली गेलेली. तिच्यात दोरी पसरून ती आयुष्य मानतात; वाईट घटनांना दगड, चांगल्यांना फुलं. खरा उपचार शिकलेल्या माणसाकडूनच घ्यायचा. मी फक्त सुतळी पसरली. त्याने खडीचा एक दगड ठेवला आणि म्हणाला, 'झालं.' मी झेंडूची फुलं पुढे सरकवली. मुलगी झाली ते, मोटरमनची परीक्षा सुटली ते, आईचं ऑपरेशन नीट झालं ते... फुलं सुतळीवर मावेनात. दगड तेवढाच होता, पण आता तो सुतळीवरच्या एका जागी होता.

ज्यांना बोलणं जमत नाही त्यांनी लिहावं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांच्या १९८६ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं आपल्या सर्वांत वाईट आठवणीबद्दल लिहिलं. लिहून झाल्या झाल्या त्यांना जास्तच वाईट वाटलं, पण पुढच्या महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या चकरा कमी झाल्या. नंतरच्या अभ्यासांत हा फायदा लहानच दिसतो, तेव्हा चमत्काराची आशा नको. सुट्टीच्या दिवशी लिहा, ड्युटीच्या आधी अजिबात नको. वही कुणाला दाखवायची गरज नाही.

काही गोष्टी आपल्या आवाक्यातल्या नसतात. महिना उलटला तरी रोज तेच स्वप्न, हॉर्न ऐकून दचकणं, दारू वाढणं, जगावंसं न वाटणं, असं दिसलं की ऐकणाऱ्याने फुशारकी मारू नये. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत. ठाण्यात मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांची आयपीएच ही मानसिक आरोग्य संस्था १९९० पासून हेच काम करते आहे. पहिल्या वेळी सोबत जा, बाहेरच्या बाकावर बसा.

आणि ऐकलेली गोष्ट तुमची होत नाही. हे लिहायच्या आधी मी त्याला वाचून दाखवलं. दोन तपशील त्याने बदलायला लावले, एक गाळायला लावला. त्या बाईबद्दलचा होता. 'तिच्या घरचे कुणी वाचतील, दादा.'

परवा पुन्हा भेटलो. दोन बेल दिल्या, थोडं बोलला, मध्येच एक दिली. मी गप्प. तलावातल्या होड्या बघत पाच मिनिटं गेली. मग म्हणाला, 'चला, मामलेदारची मिसळ खाऊ.' त्याने तिखट मागवली आणि पाण्याचा तांब्या स्वतःकडे ओढून घेतला.