पाणी मोजून केलेली परसबाग

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. तेव्हापासून आमच्याकडे कुणी 'बाग करतो' म्हणालं, की ऐकणारा आधी विचारतो, 'पाणी कुठलं?' प्रश्न रास्त आहे. मराठवाड्यात कुंडी, माती, खत जवळपास फुकटात जमतं. महाग पडतं ते पाणी. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

आधी बादली ठेवा

आठवडाभर मोरीत एक बादली ठेवा. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेलं पाणी तिच्यात ओता आणि रोज संध्याकाळी किती भरली ते बघा. पाच-सहा लिटर निघत असेल तर पावसाळा-हिवाळ्यात आठ-दहा पोत्यांची बाग जगते, उन्हाळ्यात त्याच्या निम्मी. बाग तेवढीच करायची. अंघोळीचं साबणाचं पाणी केळी-कर्दळीला घाला, पालेभाजीला नको. फिल्टरमधून वाया जाणारं पाणी खारट असतं. ते रोज घातलं की मातीवर पांढरा थर धरतो.

पोती आणि डबे

बांधकामावरची सिमेंटची रिकामी पोती झटकून, दोनदा धुऊन घ्या. गोडेतेलाचा पंधरा किलोचा डबाही चालतो, पण उन्हात पत्रा तापून मुळं भाजतात, म्हणून त्याला बाहेरून गोणपाट गुंडाळा. तळाला खिळ्याने आठ-दहा भोकं पाडा. हे विसरू नका.

माती

इथे मी स्वतः आपटलो आहे. शेतातली काळी माती म्हणजे सोनं, असं समजून पोती नुसत्या काळ्या मातीने भरली. पहिल्या पावसात चिखल झाला, मिरचीची मुळं कुजली आणि उघडीप पडल्यावर बोट जाईल एवढ्या भेगा. काळी माती पाण्याने फुगते, वाळली की आकसते. शेतात ते खपून जातं, पोत्यात नाही.

तेव्हा दोन घमेली काळी माती, एक घमेलं चाळलेला मुरूम किंवा जाडसर वाळू, एक घमेलं कुजलेलं शेणखत. ताजं शेण घालू नका. ते कुजताना तापतं आणि हुमणी, म्हणजे मुळं खाणारी पांढरी अळीही येते. शेणखत काळं, भुसभुशीत, वास नसलेलं हवं. वरून सोयाबीनचं भुसकट किंवा उसाचं पाचट दोन बोटं जाड पसरा. नुसत्या या थरानेही पाण्याची एखादी पाळी वाचते.

सुगडाचा उपयोग

संक्रांतीनंतर सुगडी माळ्यावर पडून राहतात. त्यातलं एक पोत्याच्या मधोमध गळ्यापर्यंत पुरा, पाणी भरा, वर पणती पालथी घाला. मातीच्या भांड्यातून पाणी झिरपतं आणि थेट मुळांना मिळतं. ऑइलपेंटने रंगवलेलं सुगड घेऊ नका, ते झिरपत नाही. बोअरच्या जड पाण्याने छिद्रं बुजतात, म्हणून अधूनमधून काढून काथ्याने घासा. मोठ्या पिंपात किंवा अंगणातल्या वाफ्यात गेल्या वर्षीचं मडकं असंच पुरता येतं.

काय, कधी

मृगाचा पाऊस पडला की भेंडी, गवार, दोडका, कारलं. नवरात्रानंतर मेथी, पालक, शेपू, कोथिंबीर. मेथीदाणे आणि धने डब्यातलेच घ्या. धने लाटण्याने हलके रगडून दोन फाकी करा, रात्रभर भिजवा. तरी उगवायला आठ-दहा दिवस लागतात, 'बी खराब निघालं' म्हणून तिसऱ्या दिवशी उकरू नका. मेथी मात्र चौथ्या दिवशी डोकं काढते आणि महिनाभरात भाजीला येते. सगळं एकदम पेरण्यापेक्षा दर आठवड्याला एक पोतं पेरा.

एप्रिल-मे मध्ये नवं काही लावू नका, कुणी कितीही सांगो. कढीपत्ता, गवती चहा, पुदिना तेवढा जगवा. वर जुनं सुती लुगडं ताणून बांधलं की सावली होते, शेडनेट घ्यायला नको.

मावा पडला तर

मावा म्हणजे पानांचा रस शोषणारे बारीक किडे. त्यांच्यासाठी फवारा घरीच होतो. जून-जुलैत कडुलिंबाखाली पिवळ्या लिंबोळ्यांचा सडा पडतो. त्या गोळा करून, गर काढून, बिया सावलीत वाळवून ठेवा. लागेल तेव्हा ५० ग्रॅम बिया कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्याने गाळा, चिमूटभर साबणचुरा मिसळून संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूला फवारा. मावा तिथेच बसतो.

बी

एवढा एक खर्च करा, तोही एकदाच. संकरित बियाण्याचं घरचं बी पुढच्या वर्षी आईबापासारखं निघत नाही, त्यामुळे दुकानात सरळ वाण, म्हणजे संकरित नसलेलं बी मागा. भेंडीत परभणीच्या कृषी विद्यापीठाचा 'परभणी क्रांती' हा जुना वाण आहे, पानं पिवळी पडण्याच्या केवडा रोगाला तग धरणारा म्हणून नाव कमावलेला. पंचेचाळीस-पन्नास दिवसांत भेंडी सुरू होते, ती एक दिवसाआड तोडावी लागते. सगळ्यात जोमदार झाडावरच्या दोन-तीन भेंड्या मात्र तोडू नका. झाडावरच वाळून तडकायला लागल्या की काढा, दाणे चुलीच्या राखेत घोळून कोरड्या बाटलीत भरा, आत वाणाचं नाव आणि वर्ष लिहिलेली चिठ्ठी टाका. चिठ्ठी टाकाच, नाहीतर मृगाच्या तोंडावर भेंडी कुठली नि अंबाडी कुठली, ओळखत बसाल.