गरम कण, रेडिएशन आणि साध्या पाण्याची नळी: या विषयात पीएचडी करू पाहणाऱ्यांसाठी

कर्करोगाच्या गाठीत चुंबकीय कण सोडून ती तापवायची, म्हणजे रेडिएशनचा परिणाम वाढतो, हा माझा पीएचडीचा विषय. त्यात पहिल्या सहा महिन्यांत वहीत नोंदलेली सगळी तापमानं मला खोडावी लागली. लोह ऑक्साइडचे नॅनोकण, म्हणजे अतिसूक्ष्म कण, पाण्यात मिसळायचे, नळी कॉइलच्या मधोमध धरायची, पटापट दिशा बदलणारं चुंबकीय क्षेत्र सुरू करायचं आणि पाणी किती तापतं ते बघायचं, एवढंच तर काम होतं. मी मोजत होते थर्मोकपलने, म्हणजे धातूच्या तारांच्या तापमापकाने. एके दिवशी सहज कण न घालता नुसतं पाणी ठेवलं, तर तेही भराभर तापताना दिसलं. थर्मोकपलची तार धातूची, त्या क्षेत्रात ती स्वतःच गरम होत होती! आता मी फायबर ऑप्टिक प्रोब वापरते, त्यात धातू नसतो. रोजचं पहिलं रीडिंग साध्या पाण्याचं असतं, कारण कॉइलची धगही थोडीफार लागतेच. ती वजा केल्याशिवाय पुढचा आकडा लिहीत नाही.

एकेका अंशासाठी इतका जीव का टाकायचा? कारण आपला सगळा खेळ साधारण ४१ ते ४३ अंशांमधला आहे. या उष्णतेत पेशीला रेडिएशनने तुटलेला डीएनए नीट सांधता येत नाही. सौम्य उष्णतेने गाठीतला रक्तपुरवठाही वाढतो, ऑक्सिजन पोचतो, आणि ऑक्सिजन कमी असलेल्या पेशीच रेडिएशनला दाद देत नाहीत. ४३ च्या वर एक अंश चढला की तोच परिणाम साधारण निम्म्या वेळात होतो. म्हणजे एका अंशाची चूक ही उपचाराच्या मात्रेतलीच चूक.

कल्पना जुनी आहे. १९५७ मध्ये शिकागोच्या गिलख्रिस्ट यांनी लसिकाग्रंथी अशा कणांनी तापवून पाहिल्या होत्या. बर्लिनच्या गटाने उपचारांनंतर पुन्हा उद्भवलेल्या ग्लायोब्लास्टोमात, म्हणजे मेंदूच्या एका आक्रमक कर्करोगात, कण टोचून, तापवून, सोबत रेडिएशन दिलं. ५९ रुग्णांचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. गाठ पहिल्यांदा पुन्हा उद्भवल्यापासून जगण्याचा मध्यक काळ (निम्मे रुग्ण याहून जास्त जगले) १३.४ महिने होता. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हे वाचताना विसरू नका. आणखी एक गोष्ट मला चटका लावून गेली. त्या रुग्णांच्या दातांतली धातूची फिलिंग आधी काढावी लागत, आणि नंतर त्या कणांमुळे डोक्याचा एमआरआय नीट निघत नसे. प्रयोगशाळेत बसून हे सुचत नाही.

नवीन मुलं सोन्याच्या कणांशी गल्लत करतात. सोनं जड मूलद्रव्य असल्याने क्ष-किरण जास्त शोषतं, त्यामुळे न तापताही जवळच्या पेशींना मिळणारी रेडिएशनची मात्रा वाढवू शकतं. तो परिणाम वेगळा, उष्णतेचा वेगळा. म्हणून पेशींचे गट मांडताना कंजूषी करू नका: नुसत्या पेशी, नुसते कण, नुसतं क्षेत्र, कण आणि क्षेत्र, नुसतं रेडिएशन, कण आणि रेडिएशन, आणि शेवटी सगळं एकत्र. मग दोन आठवडे थांबून, वाचलेल्या पेशींपासून वाढलेल्या पन्नास किंवा जास्त पेशींच्या कॉलन्या (पुंजके) जांभळ्या रंगवून मोजायच्या. हे मोजणं कंटाळवाणं वाटतं, पण मला त्या जांभळ्या ठिपक्यांवरच सगळ्यात जास्त भरवसा आहे.

आणि पाण्यात छान तापणारे कण पेशींच्या माध्यमात गुठळ्या करतात, पेशीच्या आत अडकले की कमी तापतात. पाण्यातल्या आकड्यावर हुरळू नका.

गाईड निवडताना एक प्रश्न जरूर विचारा: रेडिएशनचं मशीन कुठे आहे आणि किती वाजता मिळतं? मला रुग्णांचे उपचार संपल्यावर, रात्री, दुसऱ्या इमारतीत मिळायचं. तापवणं आणि रेडिएशन यांतलं अंतर वाढलं की फायदा घटतो, आणि माझ्या तापवलेल्या पेशी तिथे पोचेपर्यंत दोन तास थर्मोकोलच्या खोक्यात पडून असायच्या. शेवटी कॉइलच ट्रॉलीवर बसवून मशीनशेजारच्या खोलीत नेली. अंतर दहा मिनिटांवर आलं.