वळवावर पेरू नका: बेळगाव-निपाणी भागात मृगाचा पाऊस कसा ओळखायचा

मान्सून केरळात १ जूनच्या आसपास येतो आणि सगळं जमून आलं तर पुढच्या आठवडाभरात बेळगावात. पण तारखेवर कुरी (पेरणीचं अवजार) जुंपू नये. २०२३ला तो केरळात ८ जूनला आला, २०२५ला २४ मेलाच.

आधी वळीव आणि मृग वेगळे करा. वळीव दुपारनंतर येतो, गडगडतो, तासाभरात झोडपून जातो. शेजारच्या शिवारात धूळही बसत नाही. मान्सूनचा वारा पश्चिमेकडून एकसारखा वाहतो, ढग खाली उतरतात, रात्री-पहाटेही रिपरिप चालते आणि दुपारचा उकाडा मोडतो. अशी हवा दोन-तीन दिवस टिकली तरच तो आला समजा. घाटाकडच्या कणकुंबी-जांबोटीत कोसळला म्हणून चिकोडीत पेरायचं नाही. घाट सोडून पूर्वेला गेलं की पाऊस झपाट्याने कमी होतो. अथणीचं तर गणितच वेगळं.

मोजायला सरळ उभ्या कडांचा डबा पुरतो. झाड-भिंतीपासून त्यांच्या उंचीच्या दुप्पट लांब, खुंटीला घट्ट बांधा. रोज सकाळी साडेआठला पट्टी बुडवून मिलिमीटर लिहा, डबा रिकामा करा. सोयाबीनसाठी बेरीज ७५ ते १०० मिलिमीटर झाली पाहिजे.

मग कुदळीने वीतभर खणा. खालची माती मुठीत दाबा: गोळा झाला आणि कमरेच्या उंचीवरून टाकल्यावर फुटला, तर वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, आहे. चिकटून राहिला तर थांबा, नाहीतर काळ्या रानात वर पपडी धरते आणि कोंब आतच वळतो. वर ओल, खाली कोरडं असेल तर त्याहून वाईट. बी फुगतं, मोड येतो, मूळ कोरड्यात शिरतं आणि चार दिवसांच्या उन्हात सगळं करपतं. दुबार पेरणी बहुतेक इथंच ओढवते.

थांबलेल्या दिवसांत सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण बघा. सत्तर उगवले तर एकरी ३० किलो, साठच उगवले तर ३५. बी ३ ते ५ सेंटीमीटरच्या खाली जाऊ देऊ नका.

खानापूर आणि बेळगावच्या पश्चिम पट्ट्यातल्या धूळवाफ भाताला हा नियम लागत नाही. ते रोहिणीतच, २५ मेनंतर, कोरड्या मातीत पेरतात. कोरडं बी पावसाची वाट बघत पडून राहतं. भीती आहे ती एकाच अर्धवट वळवाची: मोड आणण्यापुरता पडला आणि नंतर दहा दिवस गायब झाला, तर पेरा गेला. म्हणून सगळं बी एकदम मातीत घालू नका, थोडं कणगीत असू द्या.