माझगावच्या चिनी देवळात कौल कसा मागावा

कुडाळकडच्या माणसाला कौल म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. गाऱ्हाणं घालायचं, प्रश्न मांडायचा आणि देवाला लावलेली कळी उजवी पडते की डावी ते बघून देवाचं उत्तर समजायचं. माझं आजोळ तिकडचं, त्यामुळे चिनी देवळांतही देवाला असंच विचारतात हे कळलं तेव्हा मला फार आपलं वाटलं. तेव्हापासून ओळखीच्यांना सांगते, नुसते फोटो काढायला जाऊ नका, रीत समजून घेऊन जा.

हार्बर लाइनने डॉकयार्ड रोडला उतरा आणि नवाब टँक रोड विचारा. सी यप देऊळ १९१९ सालचं, दक्षिण चीनमधून मुंबई बंदरात आलेल्या लोकांनी बांधलेलं. खाली करुणेची देवी क्वान यिन, वर क्वान कुंग. हा तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा सेनापती, लाल चेहऱ्याचा, लांब दाढीचा. दिलेल्या शब्दाला जागला म्हणून पुढे लोकांनी त्याला देव मानलं. देऊळ बंद दिसलं तर आसपास विचारा, दार वाजवत बसू नका. आत गेल्यावर जो कोणी देखरेखीला असेल त्याची परवानगी घ्या आणि कौलाचं साहित्य आपण हाताळलं तर चालेल का, तेही आधीच विचारा.

प्रश्न घरूनच ठरवून न्या. एकच, आणि हो किंवा नाही असं उत्तर देता येईल असा. ‘माझं कसं होईल?’ याला कौल नसतो. ‘ही नोकरी या महिन्यात सोडू का?’ याला असतो.

तीन उदबत्त्या लावा. मग मनातल्या मनात स्वतःचं नाव, जन्मतारीख, राहायचा पत्ता आणि प्रश्न सांगा. पत्ता नीट सांगा, खोली नंबरासकट. कोण विचारतंय ते देवाला कळायला हवं.

कौलाचे ठोकळे दोन असतात, अर्धचंद्राच्या आकाराचे, एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने फुगीर. सपाट बाजू एकमेकींना लावून दोन्ही तळव्यांत धरा, कपाळापर्यंत उचला आणि जमिनीवर सोडा. फेकू नका. एक सपाट आणि एक फुगीर बाजू वर आली की होकार. दोन्ही फुगीर वर आल्या की नकार. दोन्ही सपाट वर आल्या तर देव हसला म्हणतात. म्हणजे प्रश्न धड मांडलेला नाही, किंवा उत्तर तुम्हाला आधीच ठाऊक आहे. तेव्हा प्रश्न सुधारून पुन्हा विचारा. लग्न, घर, ऑपरेशन अशा मोठ्या गोष्टीला लागोपाठ तीन होकार लागतात. नकार आल्यावर हवं ते पडेपर्यंत टाकत राहणं मला अजिबात पटत नाही.

सविस्तर उत्तर हवं असेल तर बांबूच्या नळीतल्या काड्या. नळी पुढे कलती धरून हलवत राहायची, एक काडी बाहेर पडेपर्यंत. दोन पडल्या तर परत आत. काडीवरचा आकडा खरा का, हे पुन्हा ठोकळ्यांनी विचारायचं आणि मगच त्या आकड्याची चिठ्ठी घ्यायची. चिठ्ठीवर चार ओळींची कविता असते, ती जाणकाराकडूनच वाचून घ्या.

या विचारण्यामागे मोठा काळ आहे. तीन हजार वर्षांपूर्वी चीनमधले शांग घराण्याचे राजे बैलाच्या खांद्याची हाडं आणि कासवाची कवचं तापवून त्यांच्या भेगांतून उत्तर वाचायचे. पाऊस पडेल का, राणीचं बाळंतपण सुखरूप होईल का, अगदी राजाची दाढदुखीसुद्धा! प्रश्न त्याच हाडावर कोरलेले सापडले आहेत. देवांशी बोलणारी ‘वू’ मंडळीही जुन्या चीनमधलीच. पावसासाठी त्यांना नाचवायचे. आपल्याकडच्या अवसरासारखा देव अंगात येणारी माध्यमं फुजियान, तैवान आणि सिंगापुरात आजही आहेत.

इ.स.पूर्व ६३९ मध्ये लू राज्यात दुष्काळ पडला आणि तिथला राज्यकर्ता एका वूला जाळायला निघाला. मंत्र्याने अडवलं: तट दुरुस्त करा, खाणं कमी करा, शेतीकडे बघा, याला मारून काय होणार? कौल मिळाल्यावर आपलं काम आपणच करायचं असतं, ते मी या मंत्र्याकडून घेतलं.

चिनी नववर्षाला इथे समाजाचे लोक जमतात. त्या दिवशी फक्त दर्शन घ्या, प्रश्न दुसऱ्या एखाद्या शांत दिवसासाठी ठेवा.